चपलेच्या खोक्यातलं पोस्ट : बालवाडीत मुलं ‘नुसती खेळतात’ तेव्हा काय चालू असतं?

“ओ ताई, आमचं पोरगं शिक्के मारायला घातलंय व्हय शाळेत?”

पालकसभेत एका आजोबांनी हे विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण आजोबा थांबले नाहीत. “आणि पोस्ट तर बंद झालं की आता. पेपरात आलंय.”

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका छोट्या बालवाडीत मी साडेतीन ते पाच वर्षांची मुलं सांभाळते. आम्ही वर्गात लुटुपुटूचं पोस्ट ऑफिस उघडलं होतं, त्यावरून हे सुरू झालं. सभेत मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते इथे देते.

आधी पोस्टाचं : बंद काय झालं?

2025 साली रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. स्पीड पोस्ट 1986 पासून आहे. केएमटीचे, म्हणजे आमच्या शहर बसचे, दोन मार्ग एक केले तर एका बसचा नंबर जातो, पण आपल्या थांब्यावर बस येतच राहते. तसंच हे. रजिस्टर म्हटलं की कोर्टाची नोटीस नाहीतर नोकरीचा कॉल, असं ज्यांच्या मनात बसलंय त्यांना चुटपुट लागणं साहजिक आहे. पण पोस्ट चालू आहे. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत, त्यांतली बहुतेक खेड्यांत. पोस्टकार्ड अजून मिळतं.

तरी आजोबांचा खरा प्रश्न पोस्टाचा नव्हताच. फी भरून पोराला शाळेत घातलं, तर ते तिथं शिक्के का मारत बसलंय, हा होता.

भातुकली म्हणजे नेमकं काय?

करवंटीची कढई, पाल्याची भाजी, विटेच्या चुऱ्याचं तिखट. खेळणाऱ्या मुलीला पक्कं ठाऊक असतं की ती करवंटी आहे. तिला ‘कढई’ म्हणायचं ठरलंय, हेही ठाऊक असतं. दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी डोक्यात धरते. तुम्ही खरंच तो पाला खायला लागलात तर तीच ओरडेल, “अगं खोटं खोटं खायाचं!”

एका वस्तूला दुसऱ्या वस्तूच्या जागी मानून खेळणं याला शिक्षणाच्या पुस्तकांत ‘प्रतीकात्मक खेळ’ म्हणतात. शब्द जड आहे, एवढ्यावर सोडून देऊ. आपल्याकडे भातुकली आहेच.

आता पाटीवरचा ‘म’ बघा. दोन-तीन रेघा. त्या आकारात ओठ मिटून येणारा आवाज कुठेच नाही. आपण सगळ्यांनी ठरवलंय म्हणून तो ‘म’. ‘5’ या आकड्यात पाच बोरं नसतात. वाचणं आणि मोजणं या दोन्हींच्या मुळाशी ‘हे म्हणजे ते, असं मानायचं’ हा एकच करार आहे. करवंटीला कढई मानताना मूल त्याच कराराची सवय करत असतं, फक्त तिथे चुकीवर लाल फुली पडत नाही.

मग दुकान, दवाखाना सोडून पोस्टच का?

दुकान आणि दवाखानाही आम्ही खेळतो, मजा येते. पण पोस्टात अशा करारांची रास पडलेली असते. तिकीट म्हणजे पैसे. पाकिटावरच्या चार ओळी म्हणजे एक घर. खाकी टोपी घातली की ओमकार हा ओमकार राहत नाही, पोस्टमन काका होतो. बंद पाकीट म्हणजे ‘हे तुझं नाही, उघडू नकोस’.

शिवाय दुकानाचा खेळ गल्ल्यावर संपतो. पैसे दिले, भाजी घेतली, झालं. पत्राचं तसं नाही. आत्ता टाकलेलं पत्र नंतर कुणाला तरी, कुठेतरी मिळणार असतं. समोर नसलेल्या माणसाचा विचार करायचा आणि लगेच न घडणाऱ्या गोष्टीची वाट बघायची, ही चार वर्षांच्या मुलाला खूप अवघड कामं आहेत. पोस्ट ती दोन्ही करायला लावतं आणि मुलाला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून माझं एकच ठाम मत आहे. पत्र पोचलं पाहिजे. पेटी किती सुंदर आहे याला काडीची किंमत नाही. खोक्यात पडलेलं पत्र संध्याकाळी तिथेच राहिलं, तर तो खेळ म्हणजे खोक्यात कागद टाकणं.

माझं पहिलं पोस्ट फसलं ते असं

हे मत मला सुचलेलं नाही, अंगाशी येऊन कळलंय. पहिल्या वर्षी मी रात्री बारापर्यंत जागून थर्माकोलचं पोस्ट ऑफिस केलं. लाल रंग, वर पाटी, खिडकीला सोनेरी कागदाची महिरप. मुलं आली, बघितलं, दोघांनी बोट लावलं. एकीने विचारलं, “ताई, हे तुमचं हाय काय?” दोन दिवस ते कोपऱ्यात गणपतीच्या मखरासारखं उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर बसलं.

तिचं बरोबर होतं. ते माझंच होतं, मुलांनी करायचं काही शिल्लकच नव्हतं.

दुसऱ्या खेपेला चप्पल लाइनीतून रिकामे खोके मागून आणले. दुकानदारांनी आनंदाने दिले, त्यांनाही अडगळ. मुलांनी लाल रंग फासला. खोक्याला कमी, हाताला जास्त. फट मी कापून दिली, कारण कटर मुलांच्या हातात द्यायचं नाही. ती फट मुलांच्या छातीच्या उंचीवर ठेवा, एवढी एक गोष्ट विसरू नका. उंचावर असली की दर पत्रामागे “ताई, टाका की” सुरू होतं आणि पोस्ट तुम्हीच चालवत बसता.

सामान घरातलंच

पाकिटांसाठी लग्नपत्रिका. मे महिन्यानंतर कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात गठ्ठा सापडतो. पाकीट हलक्या हाताने सोडवून उलटं करून चिकटवलं की आतली कोरी बाजू वर येते. चिकटवायला मैद्याची खळ.

तिकिटांसाठी टिकल्या. हा शोध आमच्या मावशींचा, आणि मी त्यांना त्याबद्दल अजून मानते. टिकलीच्या पाकिटावरून बारीक टिकली सोडवायला अंगठा आणि पहिलं बोट चिमटीत धरावं लागतं. पुढे पेन्सिल धरायला तीच चिमूट लागते. साधी टिकली म्हणजे साधं टपाल आणि खड्याची म्हणजे स्पीड पोस्ट, हा नियम मुलांनीच काढला. तीन वर्षांचं मूल वर्गात असेल तर मात्र जवळ बसा, टिकली तोंडात जायला वेळ लागत नाही.

शिक्क्यासाठी भेंडी. आडवी कापली की फुलाचा ठसा उमटतो. दुसऱ्या दिवशी ती चिकट होऊन वास मारते, तेव्हा रोज ताजी लागते. शाईऐवजी ओल्या स्पंजवर गेरू. शिक्क्याची निळी शाई एकदा वापरली आणि चार आयांचे फोन आले.

शिक्का मारताना एक प्रश्न हमखास येतो : “एवढं चांगलं तिकीट घाण का करायचं?” तिकीट तपासणारा बघून झालेल्या तिकिटावर खूण करतो, म्हणजे ते परत चालत नाही, हे सांगितलं की पटतं. पोस्टाचा शिक्काही त्यासाठीच असतो, तिकीट एकदाच वापरता यावं म्हणून. इथे थोडा इतिहास सांगायचा मोह होतो. पूर्वी अंतर वाढेल तसा टपालाचा खर्च वाढायचा आणि तो बऱ्याचदा पत्र घेणाऱ्याच्या माथी यायचा. आपल्याकडे 1854 साली देशभर एकाच दराची तिकिटं आली. हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की शेकडो कोसांवर. तिकिटाची सगळी गंमत यातच आहे : पाठवणाऱ्याने आधी पैसे भरले, याची ती चिकटवलेली पावती.

पत्ता : सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचा भाग

मी मुलांना विचारलं, तुझं पत्र पोचवायला पोस्टमन काकांना काय सांगशील? उत्तरं आली : “आमच्या दारात नारळ हाय.” “तालमीच्या मागं.” “जिथं कुत्रं भुंकतंय तिथं.”

हसू नका. कोल्हापुरातले मोठे लोकही पत्ता असाच सांगतात. अमक्या तालमीजवळ, दूध कट्ट्यासमोर, तिथनं कुणालाबी विचारा. मुलांचे पत्ते आम्ही चित्र काढून पाकिटावर घेतले, नारळासकट. पत्ता म्हणजे ‘माझं घर दुसऱ्याला सापडेल अशी खूण’, एवढं कळलं की आकडे नंतर येतात.

मोठ्यांसाठी ते आकडेही उलगडून सांगते, कारण पिनकोड आपण रोज लिहितो आणि त्यात काय आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. तो 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. ही कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. देशभर सारख्या नावाची गावं, त्यात पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत. टपाल वाटायचं कसं? त्यावर त्यांनी आकडे आणले, आकडा सगळीकडे एकच.

तो वाचायचा असा. आपण पाहुण्याला सांगतो ना, आधी कोल्हापूरला ये, मग शिवाजी पेठेत ये, मग तालमीपाशी थांब. पिनकोडही तसाच मोठ्याकडून लहानाकडे येतो. पहिला आकडा 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन मिळून, म्हणजे 416, टपाल जिथे वेगळं काढतात तो टापू. शेवटचे तीन म्हणजे बटवडा करणारं पोस्ट ऑफिस. शिवाजी विद्यापीठ 416004, इचलकरंजी 416115, सांगली 416416, सावंतवाडी 416510. म्हणजे टपालाच्या नजरेत घाटावरची सांगली आणि घाटाखालची सावंतवाडी एकाच टोपलीतल्या. टपालाचा नकाशा आणि जिल्ह्याचा नकाशा एक नसतो, तो हा असा.

मुलांकडून हे पाठ करून घ्यायचं नाही. वर्गातला प्रत्येकाचा खण म्हणजे त्याचं घर, पत्र तिथे पडतं. त्या खणांवर सगळ्यात लहानांसाठी फोटो लावा, चार वर्षांच्यांसाठी फोटो आणि नाव, पाचच्या पुढे नुसतं नाव. एका मुलीने स्वतःच शोधलं की तिच्या आणि ‘मधुरा’च्या खणावरचं पहिलं अक्षर सारखं आहे. ती मीरा. दिवसभर ती सगळ्यांना ‘म’ दाखवत फिरली. हे मी शिकवलं असतं तर तिने जांभई दिली असती.

“लिहायला येत नाही, मग पत्र कसलं?”

गिरगोट्यांचं. आपल्याला गिरगोट्या दिसतात, पण मन लावून बघितलं तर त्यात फरक असतो. आधी नुसते गोल-गोल, मग डावीकडून उजवीकडे ओळीत जाणारे नागमोडी फराटे, मग अक्षरासारख्या आकृत्या, मग मधेच नावातलं एखादं खरं अक्षर. ओळीत फराटे मारणाऱ्या मुलाला ‘लिहिणं’ ओळीत होतं हे कळलेलं असतं. त्याला “हे काय, नीट काढ” म्हटलं की संपलं. त्यापेक्षा “वाचून दाखव की” म्हणा. तो वाचून दाखवतो, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर मजकूर बदलतो. बदलू दे.

दुसरा मार्ग, मुलाने सांगायचं आणि आपण लिहायचं. इथे एक पथ्य : सांगेल तसंच लिहायचं. “आज्जी तू कवा येणार हैस” म्हटलं तर ‘कवा’च लिहायचं, ‘केव्हा’ नाही. सभेत यावर एका आईचा आक्षेप होता की भाषा बिघडेल. मला तसं वाटत नाही. आपल्या तोंडातून निघालेलं तसंच्या तसं कागदावर उतरतं आणि परत वाचलं की तेच ऐकू येतं, हा शोध मुलाला लागायचा असतो. आपण ‘केव्हा’ लिहून ‘केव्हा’ वाचलं की तो म्हणतो, “असं नाय म्हटलो मी.” प्रमाण मराठी पहिलीपासून दहावीपर्यंत आहेच की.

भांडणं होतातच

सगळ्यांना पोस्टमन व्हायचं असतं. खिडकीवर बसायला कुणी तयार नसतं, हे खऱ्या पोस्टातही असंच असेल असा मला संशय आहे. आमच्याकडे पहिला आठवडा टोपीवरून ओढाओढीत गेला. मग मुलांनीच ठरवलं की थैली रिकामी झाली की टोपी दुसऱ्याला.

आता गंमत बघा. पाणी प्यायला रांगेत उभा न राहणारा मुलगा पोस्टाच्या रांगेत मुकाट उभा राहतो. संक्रांतीला आम्ही पाकिटांत तिळगूळ घालून पाठवला. पोस्टमन झालेली पोरगी पाकीट चाचपत होती, आत काय आहे ते तिला माहीत होतं, वासही येत होता. ती ते नाकाशी धरून वर्गाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि ज्याचं त्याला देऊन आली. का? “पोस्टमन उघडत नसतोय.” मनाला आवरून नियम पाळण्याच्या या कुवतीला ‘स्व-नियमन’ म्हणतात. “हात लावू नको” असं मी दहा वेळा सांगून जे झालं नसतं, ते टोपीने केलं. लेव्ह व्हायगॉट्स्की नावाचे एक रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, 1934 साली वारले. खेळात मूल आपल्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ती पोरगी बघितल्यावर मला ते पटवून घ्यायची गरज उरली नाही.

मोठ्यांनी काय करायचं? गिऱ्हाईक व्हायचं, तेही अडचण घेऊन आलेलं. “साहेब, माझं पत्र जड झालंय, किती तिकिटं लागतील?” “पत्ता लिहायचाच राहिला हो, आता?” याने खेळ पुढे सरकतो. “ही पेटी कुठल्या रंगाची? सांगा बघू!” असं विचारलं की खेळाची परीक्षा होते आणि पोरं उठून जातात.

“पण अक्षरं कधी शिकणार?”

हा आक्षेप सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा. शेजारच्या पोराची वही भरलेली दिसते, आपल्याच्या दप्तरात भेंडीचे ठसे. पोटात गोळा येतो, कळतं मला.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग एकच टप्पा मानला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. त्याचा आराखडा 2022 मध्ये आला आणि त्यात शिकण्याचा मुख्य मार्ग खेळ हाच धरलाय. महाराष्ट्रात 2025-26 पासून पहिलीला नवं धोरण लागू झालं. म्हणजे हे आमच्या बालवाडीचं खूळ नाही. बाहेरून आलेलं खूळही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 च्या सुमारास बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं ते आसपास मिळणाऱ्या पाना-फुलांवर, शंख-शिंपल्यांवर. चपलेचे खोके त्याच घराण्यातले.

अक्षरं येतातच, पण कारण घेऊन येतात. मीराला ‘म’ हवा होता, कारण मधुराचं पत्र तिच्या खणात पडत होतं.

जे होत नाही तेही सांगते. प्रत्येक मुलाला पोस्ट आवडत नाही. आमच्यातला एक पूर्ण पंधरवडा फक्त खोक्यात शिरून बसला. तीन आठवड्यांनी खेळ थंडावतो, तेव्हा ओढून ताणून चालवू नका. खोके माळ्यावर टाका.

आणि एकदा खरं पत्र

शेवटच्या आठवड्यात आम्ही खरी पोस्टकार्डं आणली आणि रांगेने चालत जाऊन खऱ्या पेटीत टाकली. ज्या आजोबांनी सभेत शिक्क्यांचं विचारलं, त्यांच्या नातवाला पत्र म्हशीला पाठवायचं होतं. म्हैस राधानगरीकडच्या गावी, आजोबांच्या भावाकडे. मी म्हटलं, म्हशीला वाचता येत नाही रे. तो म्हणाला, “मग मोठं आबा वाचून दावतील की.” पत्ता मोठ्या आबांचा घातला, वर त्याच्या सांगण्यावरून ‘म्हशीसाठी’ असं लिहिलं. मजकूर एवढाच : “मी बरा हाय. तू दूध देतीस काय.”

मग रोज सकाळी विचारणा. आलं काय? नाही. आलं काय? नाही. नवव्या दिवशी पोस्टमन काका दारात आले आणि कार्ड हातात धरून मलाच म्हणाले, “ताई, म्हशीचं उत्तर आलंय.”

आजोबा नातवाला सोडायला आले होते. त्यांनी चष्मा लावला आणि भावाचं अक्षर मोठ्याने वाचलं : “पत्र वाचून दाखवलं. कान हलवले. सकाळी चार लिटर.”